सुट्ट्या बाह्या मुंढ्याला बांधायच्या कशा? (१६वं शतक, बायकांचे झगे)

काजबटण
मंडळी, आमच्या नाटकमंडळीचं नवं नाटक घडतं फ्लॉरेन्समध्ये, १५५० च्या सुमाराला. वेशभूषा माझ्याकडे आहे. नायिकेचा मखमली झगा शिवून झाला, पण बाह्यांनी तीन आठवडे माझी झोप उडवली आहे. जे हाती लागलं ते मांडते, जे अडलं ते विचारते.

त्या काळात बाही झग्याला कायमची शिवलेली असेलच असं नाही. बाह्यांची जोडी हा वेगळा कपडा होता. ती वेगळी शिवायची, पेटीत वेगळी ठेवायची, लेकीच्या रुखवतात वेगळी मोजायची. एकाच झग्यावर आज निळ्या दमास्कच्या (विणीतच नक्षी असलेल्या कापडाच्या) बाह्या तर सणाला जरीच्या. इटालियन भाषेत अजूनही ‘ती बाह्यांची दुसरी जोडी’ असं म्हणतात. अर्थ काय, तर ‘ती गोष्टच निराळी’.

हे सगळं वाचलेलं होतं. तरी शिवायला बसल्यावर मी आपल्या सवयीने गेले. मुंढ्याभोवती, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाभोवती, पूर्ण गोल काजं केली, बाहीच्या वरच्या कडेला तितकीच केली, आणि नाडी ओवून बाही सगळीकडून आवळून बसवली. पहिल्याच तालमीत नायिकेने फळीवरचं पत्र काढायला हात वर केला. बाहीबरोबर झग्याची अख्खी चोळी वर आली आणि काखेत टर्रकन उसवलं. बिचारी पुढचा सगळा प्रवेश कोपर अंगाला चिकटवून बोलली. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन चित्रं पुन्हा उघडली आणि या वेळी चेहरे सोडून फक्त खांदे बघितले. राफाएलने १५०६ च्या सुमाराला रंगवलेली मादालेना दोनी घ्या. नारिंगी-लाल झगा, त्याला निळ्या बाह्या, आणि दोन्हींच्या मधून आतला पांढरा सदरा डोकावतोय. ब्राँझिनोने १५४५ च्या सुमाराला काढलेली एलेओनोरा दि तोलेदो, फ्लॉरेन्सच्या ड्यूकची बायको, बघा, शेजारी तिचा छोटा मुलगा आहे ते चित्र. तिथेही बाहीच्या चिरांमधून सदऱ्याचे पांढरे फुगे बाहेर काढलेत. म्हणजे बाही आणि झगा यांच्यात फट आहे, ती लपवलेली नाही, उलट दाखवण्यासाठीच ठेवली आहे.

मग लक्षात आलं. बाही बांधायची ती फक्त वरच्या अंगाला, खांद्याच्या टोकावर आणि त्याच्या थोडं पुढे-मागे. काखेखाली काहीच बांधायचं नाही. तिथे आतला सदरा असतो, त्याच्या काखेत चौकोनी तुकडा घातलेला असतो, हात उचलला की तो पसरतो. आपण ज्याला फिटिंग म्हणतो ते सगळं सदऱ्याच्या भरवशावर आहे.

आता काजांबद्दल. ही गोल काजं कातरीने कापायची नाहीत, पंचने पाडायची तर मुळीच नाहीत. दाभण घ्यायचं आणि कापडाचे धागे हळूहळू बाजूला सारत भोक मोठं करायचं. धागा तुटत नाही, फक्त सरकतो. भोक उघडं आहे तोवरच रेशमी दोऱ्याने भोवती दाट टाके घालायचे, दोन टाके झाले की पुन्हा दाभण फिरवायचं. मखमल, आत कॅनव्हास, खाली सुती अस्तर, असे तीन थर असतील तर एका काजाला दहा मिनिटं जातात. एका बाहीला पाच नाड्या, एका नाडीला चोळीवर दोन आणि बाहीवर दोन काजं. दोन बाह्यांची मिळून चाळीस. तीन संध्याकाळी गेल्या, पण एकही काज फाटलेलं नाही. आधीच्या प्रयोगात कापून केलेली काजं पहिल्याच ओढीला लांबट झाली होती.

माझे प्रश्न असे:
बाह्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या, तर जोडीचं वजन ४८० ग्रॅम भरलं. गळा रुंद, खांद्याची पट्टी अगदी टोकावर, त्यामुळे वजनाने पट्टी खाली घसरते. काय करू?
नाडी बांधल्यावर होणारं फूल बाहेर दिसू द्यायचं की झाकायचं?
नाटकात एक मोलकरीण आहे. तिच्याही बाह्या अशाच बांधायच्या का?

जुना शिंपी
काजबटणताई, मी सांगलीत पस्तीस वर्षं मशीनवर बसलो. असला झगा कधी शिवला नाही, पण मुंढा सगळीकडे मुंढाच.

पट्टी घसरते म्हणताय ना, आधी बघा ती कशावर कापली आहे. जरा जरी उरेबात, म्हणजे तिरक्या धाग्यावर, गेली असेल तर वजनाने ताणणारच, कितीही टाके घाला. सरळ उभ्या धाग्यावर कापा. आत कॅनव्हास घाला, आणि कॅनव्हासही त्याच अंगाने. दुसरं, पाठीचा गळा उंच ठेवा. पट्ट्या घसरायला वाव मिळतो तो पाठ खोल असली की. आणि कंबर घट्ट हवी. चोळी कमरेवर पक्की बसली तर खांद्यावर भार निम्मा येतो.

तिसरं, पाचही नाड्या सारख्या ओढू नका. बाहीचं वजन लोंबतं ते खांद्याच्या बरोबर टोकावरून. तिथली मधली नाडी घट्ट, तिच्या शेजारच्या दोन बेताच्या, कडेच्या दोन सैल. सैल म्हणजे एक बोट जाईल इतक्या. मग हात पुढे-मागे झुलतो.

काखेत उसवलं त्यात तुमची चूक नाही. शिवलेल्या बाहीत आपण मुंढ्याचा गोल आणि बाहीचा गोल असा जुळवतो की कापड फिरायला जागा राहते. नाडीने आवळलं की ती जागाच उरत नाही.

काजबटण
काका, पट्टी उरेबातच होती! गळ्याचा घाट छान यावा म्हणून मीच तशी ठेवली होती. आज रात्री उसवते. मनापासून धन्यवाद.

थेम्सकाठी
मी इंग्लंडमध्ये राहते, म्हणून तिकडचं लिहिते. तुमच्या नाटकाला उपयोग नाही, पण इथे बाहीचा घाटच निराळा असल्याने बांधायची तऱ्हाही निराळी.

हेन्री आठव्याच्या काळातला इंग्लिश झगा डोळ्यांसमोर आणा. वरच्या झग्याची बाही खाली घंटेसारखी रुंद होत जाते आणि ती कोपरापर्यंत उलटून ठेवतात, आतली फर किंवा रेशीम दिसावं म्हणून. त्या उलटलेल्या काठाखालून जी दुसरी फुगीर बाही बाहेर येते ती सुटी. म्हणजे इथे सुटी बाही खांद्याला नाहीच, ती सुरूच होते कोपराच्या आसपास. वर ती आतल्या कपड्याच्या बाहीला टाचण्यांनी किंवा नाड्यांनी अडकवायची. खालची शिवण उघडी ठेवून ठिकठिकाणी जोडायची, आणि मधून सदऱ्याचे फुगे काढायचे.

१५४६ च्या सुमारातलं राजकन्या एलिझाबेथचं चित्र आहे, वय तेराच्या आसपास, हातात पुस्तक, लाल झगा. तिची ही खालची बाही आणि झग्याच्या पुढच्या फटीतून दिसणारं त्रिकोणी कापड एकाच वस्त्राचं आहे. जोडी जुळवण्याची तीच रीत होती. दुसऱ्या सणाला दोन्ही बदलले की झगा नवा. पुढे ती राणी झाल्यावर नवीन वर्षाच्या भेटींच्या ज्या याद्या झाल्या त्यांत दरबारी लोकांनी बाह्यांच्या जोड्या दिल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे खण-नारळ देतात तसं मला ते वाटतं. अंगाचं नेमकं माप नसलं तरी देता येतं.

नाडीच्या टोकांबद्दल कोणी बोललंच नाही! आपल्या बुटाच्या नाडीला प्लॅस्टिकचं टोक असतं, तसं तेव्हा धातूचं असे. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली निमुळती नळी. त्याला ॲग्लेट म्हणतात, शब्द सुईवरून आलाय, फ्रेंचमधून. थेम्सच्या ओहोटीत चिखलातून अशी टोकं आणि टाचण्या पुष्कळ निघतात. परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, पण संग्रहालयात मी जवळून बघितल्यात. नळीची शिवण इतकी बारीक की नखाला जाणवत नाही. श्रीमंतांकडे हीच टोकं सोन्याची, मग ती झाकायची कशाला? म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: टोकं दाखवण्याजोगी असतील तर फूल बाहेर.

काजबटण
थेम्सकाठी, किती छान लिहिलंस! फ्लॉरेन्सचं म्हणशील तर तिथे या काळात खांद्यावर एक फुगीर भाग येतो, बारागोनी म्हणतात त्याला. बाहीचा सांधा त्याच्याखाली झाकता येतो. मी नायिकेला तो देणार आहे, पण पुढची एक नाडी मुद्दाम दिसती ठेवेन.

चित्रवेल
मोलकरणीच्या प्रश्नाचं उत्तर फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, बाजारचित्रांत आहे. पीटर आर्टसेन आणि योआखिम ब्यूकेलार यांनी १५५० ते १५७० च्या काळात भाजीवाल्या, मासेवाल्या, स्वयंपाकिणी भरपूर रंगवल्या. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ब्यूकेलारची पंचमहाभूतांपैकी चार तत्त्वांवरची मोठी चित्रं आहेत, १५६९-७० ची. या बायकांच्या अंगातल्या कपड्याला दंडापर्यंतची आखूड बाही असते आणि खालची वेगळ्या रंगाची बाही तिला टाचण्यांनी टाचलेली असते. नाडी नाही, काज नाही, फूल नाही. कोबी उचलायचे, मासे साफ करायचे, तेव्हा टाचण्या काढल्या की हात मोकळे.

फ्लॉरेन्सच्या मोलकरणीला फ्लेमिश चित्र लावणं काटेकोर नाही हे मान्य. पण रंगमंचावर मालकिणीच्या नाड्या आणि मोलकरणीच्या टाचण्या हा फरक शेवटच्या रांगेलाही कळेल.

जाता जाता एक शंका. एलेओनोराला चित्रातल्याच झग्यात पुरलं होतं ना?

काजबटण
नाही, चित्रवेल. तसं बरीच वर्षं मानलं जात होतं. ती १५६२ च्या डिसेंबरात पिसा इथे वारली, त्याआधी काही आठवड्यांतच तिचे दोन मुलगे वारले होते. चित्रात तिच्याजवळ उभा असलेला जोव्हानी त्या दोघांतला एक. तिच्या सासरच्या मेदिची घराण्याच्या कबरी १८५७ मध्ये उघडल्या तेव्हा तिच्या अंगावरचे कपडे निघाले. त्यांचं जतन झाल्यावर स्पष्ट झालं की तो झगा वेगळा आहे, सॅटिनचा, त्यावर मखमली पट्ट्या. आता तो फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहे. जेनेट आर्नोल्ड या इंग्लिश बाईंनी असे जुने कपडे टाका न् टाका मोजून त्यांचे कागदी आराखडे काढले, त्यात हाही आहे. आम्हा शिवणाऱ्यांवर त्यांचे फार उपकार आहेत.

बाह्यांसाठी मात्र मला पिसाचा लाल मखमली झगा जास्त मोलाचा वाटतो. तो मठातल्या लाकडी मूर्तीला नेसवलेला होता म्हणून टिकला, आणि बाह्यांसकट टिकला.

मुळशीकर
वाचतोय, आवडतंय. पण एक पटत नाही. रोज सकाळी दहा-दहा नाड्या बांधायला कोणाला वेळ होता? मला वाटतं बहुतेक बाह्या शिवलेल्याच असतील आणि नाड्यांची फुलं नुसती शोभेची.

काजबटण
मुळशीकर, तुमचं काही अंशी बरोबर आहे. शिवलेल्या बाह्यांचे झगे होतेच. आणि बांधणं व शिवणं यांच्या मधलीही एक तऱ्हा होती, कच्च्या टाक्यांची. लांब लांब धावदोरा घालून बाही अडकवायची, धुवायच्या किंवा बदलायच्या वेळी दोरा ओढला की सुटली. आपण साडीला फॉल लावण्याआधी टाचतो तसं.

पण नाड्या रोज सोडायच्या कशाला? एकदा बांधलेली बाही झग्यावर तशीच राहू शकते. झगा अंगातून काढताना पुढचे किंवा बाजूचे बंद सुटतात, बाहीचे नाहीत. आमची नायिका आता तसंच करते, बाह्या बांधलेला झगा सदऱ्यासारखा चढवते.

मूळ कारण कापडाच्या किमतीत आहे. त्या काळी शिलाई स्वस्त, कापड महाग. मखमल पाण्यात घालता येत नाही, घाम शोषायचा तो सुती-लिनन सदऱ्याने, आणि धुवायचा तोच. झिजतं पहिलं कुठे? कोपराला आणि मनगटाला. बाही सुटी असेल तर झिजलेली जोडी बदलली की उरलेला झगा आणखी काही वर्षं चालतो. माझ्या आजीच्या ट्रंकेत जरीचे काठ काढून ठेवलेले असायचे, साडी गेली तरी काठ दुसऱ्या साडीला. ज्यांच्या घरी हे पाहिलंय त्यांना सुट्टी बाही लगेच कळते.

थेम्सकाठी
टाचण्यांबद्दल राहिलं. तेव्हाची टाचणी म्हणजे पितळी तार, आणि डोकं वेगळं, बारीक तारेचे दोन वेढे देऊन बसवलेलं. स्वस्तातल्या टाचणीचं डोकं निसटायचं. इतकं निसटायचं की १५४३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदाच केला, डोकं दांड्याला पक्कं जोडलेलं असल्याशिवाय टाचणी विकायची नाही! यावरून बायकांच्या कपड्यात टाचणीचा वाटा किती मोठा होता ते कळतं. आपली सेफ्टी पिन आली ती पार १८४९ मध्ये.

टाचायची पद्धत: कापडात एकदा घालून बाहेर काढायची, परत आत घालायची, टोक थरांच्या मध्ये लपवायचं. धावदोऱ्याचा एक टाका म्हणा. सरळ एकदाच खुपसली तर हात हलताच निघते आणि टोचते. मोलकरणीचं काम करणारीला हे आधी शिकवा.

फोंड्याची लेक
आमच्या गोव्यात याच शतकात पोर्तुगीज बायका होत्या. त्या या उकाड्यात अशा बाह्या घालत असतील?

चित्रवेल
लिन्स्कोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये निघालं. तो लिहितो की पोर्तुगीज आणि मिश्र घरांतल्या बायका घरात अगदी तलम ‘बाजू’ (वर घालायचा सैल सदरा) घालून वावरत, अंग दिसेल इतका तलम, आणि खाली कापड गुंडाळलेलं. बाहेर चर्चला निघाल्या की मात्र मखमल, दमास्क, किनखाप. म्हणजे उकाड्यावरचा उपाय त्यांनी इथल्या कपड्यात शोधला आणि मान युरोपातल्या कपड्यात ठेवला.

फोंड्याची लेक
बाजू! माझ्या पणजीच्या तोंडी हा शब्द होता असं आई सांगते, ‘पानो-बाजू’ म्हणायची. आज नीट कळला.

काजबटण
कालच्या तालमीचा वृत्तान्त. पट्ट्या सरळ धाग्यावर नव्याने कापल्या, पाठीचा गळा दोन बोटं वर घेतला. काकांनी सांगितल्याप्रमाणे मधली नाडी घट्ट, कडेच्या सैल. नायिकेने दोन्ही हात डोक्यावर नेले, चोळी जागची हलली नाही. काखेत पांढऱ्या सदऱ्याचा मोठा फुगा उमटला आणि दिग्दर्शक खालून ओरडले, ‘हे असंच राहू दे!’

नाड्या विकतच्या नाहीत. सॅटिनची फीत घेतली होती, पण ती गुळगुळीत, गाठ धरत नाही. शेवटी पाच फासे बोटांवर घेऊन रेशमाची गोल दोरी विणली. एका बोटावरचा फासा दुसऱ्यातून ओढायचा, दोन्ही हात फाकवून टाका आवळायचा, की पुढचा. वीतभर दोरीला पंधरा मिनिटं. आईने एकदा पाहिलं आणि माझ्यापेक्षा भरभर विणायला लागली. टोकांसाठी बोहरी आळीतून पितळी पत्रा आणला, कातरून विणकामाच्या बारीक सुईवर गुंडाळला. दोरीच्या टोकाला मेण लावून नळीत सरकवायची आणि पकडीने दाबायची.

सदऱ्याचे फुगे मात्र चिरांमधून पुनःपुन्हा आत जातात. प्रत्येक प्रवेशात ते कोण ओढत बसणार?

थेम्सकाठी
ते खरे ठेवू नकोस. बाहीच्या आतून प्रत्येक चिरेमागे मलमलीचा चुणीदार तुकडा शिवून टाक. आमच्या इथल्या हौशी मंडळींचा हाच उपाय. फक्त खांद्यावरचा आणि काखेतला फुगा खऱ्या सदऱ्याचा ठेव, कारण तो हाताबरोबर हलतो.

जुना शिंपी
मलमल नवी असेल तर आधी पाण्यातून काढा, ताई. खळ गेली की चुणी मऊ पडते. आणि दुसऱ्या अंकाचं काय ठरलं? मोलकरीण नायिकेच्या बाह्या सोडते म्हणाला होतात फोनवर.

काजबटण
हो काका. मोलकरीण मागे उभी राहून एकेक नाडी सोडते, बोलत बोलत. दहा नाड्यांना आता दोन मिनिटं लागतात आणि संवाद तेवढेच आहेत. काल डाव्या बाहीची चौथी नाडी फुलाऐवजी गाठ होऊन बसली. मोलकरीण क्षणभर थांबली, मग पितळी टोक गाठीत घालून तिने ती सोडवली आणि बाही नायिकेच्या मांडीवर घडी करून ठेवली. दोघींपैकी कोणीच बोललं नाही तेव्हा. दिग्दर्शकांनी ती गाठ आता रोजची केली आहे. प्रयोगाआधी ती मीच मारून देणार.